तीन वर्षं उभ्या असलेल्या मारुती ८०० ला आधी काय हवं?

नाशिकहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९९७ सालची कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल-हवेचं मिश्रण यांत्रिक पद्धतीने करणारी) मारुती ८०० तीन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. उभी करण्याआधी ती चढावर मिसिंग करायची (इंजिन मध्येच अडखळायचं), ट्रॅफिकमध्ये तापायची आणि ब्रेकचं पॅडल मऊ लागायचं. मालक रविवारी स्वतः काम करणार आहेत आणि खर्चाची मर्यादा साठ हजारांची आहे. यादीत १३ इंची अलॉय व्हील, एलईडी हेडलाइट, इलेक्ट्रॉनिक इग्निशन (स्पार्क पाडणारी यंत्रणा) आहे आणि जमल्यास एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणारं) इंजिन किंवा पाच गिअरचा गिअरबॉक्स. सुरुवात कुठून करू, असं त्यांनी विचारलंय.

तुमची यादी वाचली. तिच्यातलं जवळपास सगळं गाडीला नवीन काहीतरी देणारं आहे. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारी मात्र गाडीकडे आधीच असलेलं काहीतरी हरवल्याच्या आहेत. ही गाडी नवी असताना चढावर मिसिंग करत नव्हती, तापत नव्हती, ब्रेक कडक होते. म्हणून आधी तिला तिच्या मूळ अवस्थेत आणा आणि मग ठरवा कशात कमी पडते. अनुभव असा आहे की मूळ अवस्थेत आल्यावर निम्मी यादी आपोआप गळून पडते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. मिसिंग करणाऱ्या इंजिनावर नवीन इग्निशन किट बसवलं आणि मिसिंग तसंच राहिलं, तर किट चुकलं की कार्ब्युरेटर, हे कळायला मार्ग राहत नाही. एका वेळी एकच बदल करा, आणि बदलाआधी-नंतर काय मोजलं ते वहीत लिहा.

पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, आरसी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे फिटनेस तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. १९९७ च्या गाडीचं २०१२, २०१७ आणि २०२२ असं होत आलं असणार. २०२२ चं राहिलं असेल तर दंड, ग्रीन टॅक्स आणि नूतनीकरणाचं शुल्क मिळून किती होतात ते आरटीओत विचारून बजेटमधून आधी बाजूला काढा. वडिलांच्या नावावरून तुमच्या नावावर करायची असेल तर तेही त्याच खेपेत उरकून घ्या. दुसरी, पत्रा. मॅट आणि खालचं फेल्ट उचलून फ्लोअर बघा, बॅटरीच्या ट्रेखाली बघा, बॉनेट उघडून पुढचे शॉकअप जिथे वर बोल्ट होतात तो भाग बघा, दारांखालची पट्टी आणि मागच्या चाकांच्या कमानी आतून बघा. जुन्या स्क्रूड्रायव्हरचं टोक जरा जोर देऊन दाबा. रंगाखाली गंज असेल तर ते बिस्किटासारखं आत जातं. फ्लोअरला दोन-चार भोकं असतील तर कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो. शॉकअपचा टॉवर किंवा लोअर आर्मची जागा कुजली असेल तर मात्र बाकी कशावरही खर्च करण्याआधी चांगल्या वेल्डरला गाडी दाखवा. नाशिकच्या कोरड्या हवेत शेडखाली उभी असल्यामुळे कदाचित वाचली असेल. हीच गाडी रत्नागिरीला किंवा पणजीला असती तर मी पत्र्यापासूनच सुरुवात करायला सांगितलं असतं.

आता इंजिन. तीन वर्षं उभी असलेली गाडी नवी बॅटरी लावून थेट स्टार्टर मारून सुरू करू नका. सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात आणि रिंगा कधी कधी किंचित चिकटलेल्या असतात. तिन्ही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर, म्हणजे ५ मिलि, इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावा आणि इंजिन चालतं त्याच दिशेने हाताने फिरवा. अडलं तर जोर लावू नका. पुन्हा ऑइल सोडून एक दिवस थांबा. सहज फिरलं तर जुनं ऑइल आणि फिल्टर काढून टाका. भरताना आधी अडीच लिटर ओता, मग डिपस्टिक बघत बघत वरच्या खुणेपर्यंत न्या. या गाडीला २०डब्ल्यू-४० पुरेसं आहे, महागड्या सिंथेटिकची गरज नाही. जुन्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा पातळी खुणेच्या वर दिसली तर फ्युएल पंपाचा डायफ्राम फाटलाय असं समजा. पंप यांत्रिक आहे, कॅमशाफ्टवर चालतो, आणि फाटल्यावर पेट्रोल सरळ ऑइलमध्ये उतरतं. असा पंप दुरुस्त करण्यापेक्षा बदलाच. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर इंजिन चालवलं तर बेअरिंग जातात.

टायमिंग बेल्टचं (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारा दातेरी पट्टा) वय माहीत नसेल तर किलोमीटर कितीही असू द्या, बदलून टाका. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. बेल्टसोबत तो ताणून धरणारा टेन्शनर आणि बेल्टच्या मागचे दोन ऑइल सील, कॅमचा आणि क्रँकचा, बदला. नाहीतर सहा महिन्यांनी सील गळून नवा बेल्ट ऑइलने भिजेल आणि तेच काम परत करावं लागेल. बेल्ट बसवून दोन्ही पुलींवरच्या खुणा जुळल्या की इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा तपासा. या दोन फेऱ्यांत दात सुटलेला कळतो. हे न करता स्टार्टर मारू नका.

यानंतर कंप्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, गेजने मोजा. सगळे प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली असायला हवी. प्रत्येक सिलिंडरवर सात-आठ वेळा क्रँक करा. आकडा नेमका किती यापेक्षा तिन्हींत फरक किती, याने जास्त कळतं. फरक १ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आत असेल तर इंजिनाला हात लावायची गरज नाही. एक सिलिंडर फार खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा वर चढला तर रिंगा, न चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. व्हॉल्व्ह म्हटल्यावर आधी टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातला गॅप) तपासा, कारण बारीक गॅपमुळे व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आकडा खाली येतो. थंड इंजिनावर गॅप ०.१५ मिमीच्या आसपास असतो. तुमच्या वर्षाच्या पुस्तिकेतला आकडा घ्या. आवाज येतो म्हणून टॅपेट घट्ट करून देणारे पुष्कळ भेटतात. टॅपेट थोडा वाजला तरी चालेल, जळलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चालणार नाही.

पण हे सगळं करून इंजिन छान सुरू झालं तरी गाडी गेटबाहेर नेऊ नका. ब्रेक अजून व्हायचे आहेत, आणि माझ्या मते तुमच्या पूर्ण कामात सर्वांत वरचं काम हेच आहे. मऊ पॅडलला तीन कारणं असतात: लाइनमध्ये हवा, पाणी शोषलेलं जुनं फ्लुइड, किंवा फुगणारे रबरी होज. तीन वर्षांत तिन्ही झालेलं असू शकतं. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं. पाण्यामुळे त्याचा उकळबिंदू उतरतो आणि लांब उतारावर, समजा कसारा घाटात, चाकाजवळचं फ्लुइड उकळून वाफ होते. वाफ दबते, म्हणून पॅडल अचानक खाली जातं. तेच पाणी सिलिंडरच्या आत गंज धरवतं.

मागचे व्हील सिलिंडर (ड्रममधले ब्रेक दाबणारे) दोन्ही नवेच घ्या, नुसत्या रबरांचं किट टाकत बसू नका. आतला गंज पॉलिश पेपरने काढला तरी खड्डे राहतात आणि नवं रबर त्यावर फाटतं. पुढच्या आणि मागच्या रबरी होज बदला. पुढे पॅडची जाडी बघा, कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना काढून साफ करा आणि रबर खराब न करणारं, ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. साधं चाकाचं ग्रीस किंवा इंजिन ऑइल ब्रेकच्या रबराला लागलं की रबर फुगतं. ड्रममधली धूळ कंप्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती फुफ्फुसात जाऊ द्यायची गोष्ट नाही.

हवा काढताना एक बारीक गोष्ट सांभाळा. मास्टर सिलिंडरचे (पॅडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) सील इतकी वर्षं सिलिंडरच्या आतल्या एका ठरावीक टप्प्यातच सरकत होते. त्याच्या पुढचा भाग वापरात नव्हता, तिथे गंज आणि चिकट थर बसलेला असतो. मदतनीसाने पॅडल खच्चून तळाला नेलं की सील त्या खडबडीत भागावर जातो आणि त्याची कड कापली जाते. मग हवा काढण्याआधी बरा असलेला मास्टर सिलिंडर हवा काढल्यावर खराब होतो, आणि लोक म्हणतात की नवीन फ्लुइडने सील खाल्ले. यावर उपाय अगदी साधा आहे. पॅडलखाली दीड-दोन इंच जाडीचा लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे पॅडल तळाला टेकणारच नाही. डॉट ३ फ्लुइडचा नवा सीलबंद डबा घ्या. चाकाजवळच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीत थोड्या फ्लुइडमध्ये बुडवा. मदतनीस पॅडल दाबून धरेल, तुम्ही निपल पाव फेरा सैल करा, घट्ट करा, मगच पॅडल सोडायचं. फ्लुइड काळपट येत असेल तोवर थांबू नका, मधासारखं स्वच्छ आणि बुडबुड्याविना आलं की पुढचं चाक. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. मागच्या ड्रममधले ब्रेक शू नीट अॅडजस्ट नसतील तर हवा कितीही काढली तरी पॅडल खोल जाणारच, म्हणून ते आधी करा.

टायर चांगले दिसत असले तरी बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांच्या वर असतील तर नक्षी पूर्ण असली तरी बदला. इथेच तुमच्या अलॉयचा विषय येतो. मूळ १४५/७० आर १२ टायरचा बाहेरचा व्यास साधारण ५०८ मिमी येतो. १३ इंची रिमवर लोक १५५/६५ आर १३ घालतात, त्याचा सुमारे ५३२ मिमी. म्हणजे पावणेपाच टक्के मोठं चाक. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी जवळपास ६३ ने पळत असेल. ही फार मोठी गोष्ट नाही, पण ३७ बीएचपीच्या इंजिनाला प्रत्येक गिअर तेवढाच लांब पडतो, आणि तुमची तक्रार तर चढावरच्याच ओढीची आहे. वर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या बाजूला घासू शकतो. १२ इंची चांगले रेडिअल आणि नीट अलाइनमेंट हीच या गाडीची सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. दिसण्यासाठी अलॉय हवेच असतील तर १२ इंचीच शोधा.

मिसिंगवर आता जरा सविस्तर लिहितो, कारण इथे पैसा सर्वांत जास्त वाया जातो. आधी मिसिंग कसं होतं ते ओळखा. चढावर लोड आला की झटका बसतो, लगेच सावरते, पुन्हा झटका, असं असेल तर बहुतेक इग्निशन. झटका न बसता गाडीचा जीव हळूहळू निघून जातो आणि अॅक्सिलरेटर सोडून थोडं थांबलं की परत येतो, तर पेट्रोल कमी पोहोचतंय.

इग्निशनमध्ये क्रमाने जा: प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरचं (प्लगना पाळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग) झाकण, त्यातला फिरणारा रोटर, पॉइंट (उघडताना स्पार्क पाडणारा संपर्क), कंडेन्सर. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी. झाकण आतून उन्हात धरून बघा. पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दोन टोकांमध्ये दिसली तर स्पार्क तिथून पळतोय, झाकण बदला. ती रेघ खरवडून काही होत नाही. अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर स्प्रे बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारला तर फुटक्या वायरीवर निळसर ठिणगी नाचताना दिसते. हात लांब ठेवा. पॉइंट घासलेले असतील तर नवे घाला आणि कॅमच्या उंच टोकावर पॉइंट पूर्ण उघडे असताना गॅप ०.४ ते ०.५ मिमी ठेवा. गॅप बदलला की टायमिंगही, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ, बदलते: गॅप वाढला तर स्पार्क लवकर पडतो, कमी झाला तर उशिरा. म्हणून क्रम नेहमी आधी गॅप, मग टायमिंग. टायमिंगचा आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतून किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवरून घ्या आणि टायमिंग लाइटने लावा, कानाने नको. फायरिंग ऑर्डर १-३-२ आहे, १ नंबरचा सिलिंडर टायमिंग बेल्टच्या बाजूचा. डिस्ट्रिब्युटरवरच्या व्हॅक्युम अॅडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने स्पार्क लवकर पाडणारा भाग) नळी तोंडाने ओढून जीभ लावून धरा. आतली प्लेट सरकून तिथेच राहिली पाहिजे. हळूहळू परत आली तर डायफ्राम फाटलाय, आणि त्याने अर्ध्या अॅक्सिलरेटरवर पिकअप जातो, अॅव्हरेजही पडतं.

एवढं झाल्यावर इलेक्ट्रॉनिक इग्निशन खुशाल घाला. ही तुमच्या यादीतली खरोखर चांगली वस्तू आहे, कारण पॉइंट झिजतात आणि त्यांच्याबरोबर टायमिंग सरकत जातं. फक्त किटला किती ओहमची कॉइल चालते ते तिच्यासोबतच्या कागदावर बघा आणि तुमची कॉइल मल्टिमीटरने मोजा. कमी ओहमची कॉइल लावली तर किटमधलं इलेक्ट्रॉनिक मॉड्युल तापून जातं. जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवा. मॉड्युल रस्त्यात गेलं तर दुरुस्त होत नाही, पॉइंट मात्र कुठेही अर्ध्या तासात बसतात.

पेट्रोलच्या बाजूला टाकीपासून सुरुवात करा. तीन वर्षांचं पेट्रोल काढून टाका, ते इंजिनात घालू नका. काचेच्या बरणीत थोडं घेऊन ठेवलं तर खाली पाण्याचा थर किंवा तांबडा गाळ दिसेल. गाळ असेल तर टाकी उतरवून धुवावी लागेल. टाकीला गळती असली तरी घरी वेल्डिंगचा विचारही करू नका, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते.

रबरी नळ्या मात्र सगळ्याच बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि १९९७ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते आधी फुगतं, मग चिरा पडतात, आणि गळती बरोबर गरम एक्झॉस्टजवळ होते. ३०आर९ असं छापलेली इंधनाची नळी घ्या, साधी पाण्याची किंवा हवेची नळी नको. इथेनॉलचा दुसरा परिणाम मिश्रणावर होतो. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. त्यामुळे कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटमधून (इंधन मोजून सोडणारं बारीक भोक) तेवढंच इंधन गेलं तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं. चढावरची मिसिंग, थंड असताना अडखळणं आणि थोडं जास्त तापणं यात याचाही हात असू शकतो.

कार्ब्युरेटर उतरवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक व्हॅक्युम नळीला कागदी टेप लावून नंबर टाका. जेट कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करा, आत तार घालू नका. पितळ मऊ असतं, तारेने भोक मोठं झालं की तो जेट गेला. नीडल व्हॉल्व्ह, अॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम आणि गॅस्केट किटमध्ये मिळतात, ते सगळे बदला आणि फ्लोटची पातळी पुस्तिकेप्रमाणे लावा. कार्ब्युरेटरखालचा जाड इन्सुलेटर उलटसुलट करून नीट बघा. त्याला केसाएवढी चीर असली तरी तिथून हवा ओढली जाते, आयडलिंग वर-खाली होतं आणि माणूस मिक्श्चर स्क्रूशी झगडत बसतो. मिक्श्चर शेवटी, इंजिन पूर्ण गरम असताना, तुम्ही रोज भरणार त्याच पेट्रोलवर लावा. स्क्रू हळूहळू आत न्या म्हणजे आवाज पडेल, मग बाहेर काढत सर्वांत चांगल्या फिरण्यावर आणा आणि आयडलिंग ९०० च्या आसपास ठेवा. पीयूसीला तुमच्या वयाच्या गाडीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. सेंटरवाल्याला आकडा विचारा, तो तुमच्या ट्यूनिंगचा मोफत रिपोर्ट आहे.

तापण्याबद्दल तुम्ही लिहिलंय की फक्त ट्रॅफिकमध्ये तापते, हायवेवर नाही. याचा अर्थ बहुतेक पाणी फिरतंय, हवा कमी पडतेय. या गाडीला इलेक्ट्रिक पंखा आहे. इंजिन बंद, चावी चालू, पंख्याच्या थर्मोस्विचचं कनेक्टर काढा. एक तार असेल तर ती बॉडीला लावा, दोन असतील तर दोन्ही एकमेकींना जोडा. पंखा फिरला तर स्विच खराब, नाही फिरला तर फ्यूज, वायर किंवा मोटर. मग रेडिएटरच्या जाळीत माती-किडे अडकले असतील तर पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारा. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलं असेल तर नळ्यांत क्षार बसलेला असतो. तो फ्लशने न निघाल्यास रेडिएटर बदलणं बरं. ०.९ दाबाचं नवं रेडिएटर कॅप घ्या, कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं करा. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकण्याचा सल्ला नक्की मिळेल. तो ऐकू नका. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन कधीच नीट गरम होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि ऑइलमध्ये उतरतं. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात गरम पाण्यात टांगून बघा. ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. एक धोक्याची खूण लक्षात ठेवा: थंड इंजिन कॅप काढून सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. हेड अॅल्युमिनियमचं आहे, एकदा जोरात तापलं की वाकतं. म्हणून काटा वर गेला की गाडी तिथेच बंद करा, घरापर्यंत नेतो म्हणू नका.

एलईडीऐवजी हेडलाइटला रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) बसवा. दोन ६० वॅटचे बल्ब मिळून १० अँपिअर ओढतात आणि तो सगळा प्रवाह पंचवीस-तीस वर्षं जुन्या स्विचमधून जातो. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या पिनेवर व्होल्ट मोजा. बॅटरीवर १३.५ आणि बल्बवर ११ असे आकडे मिळाले तर हॅलोजनचा प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे अंधुक दिव्याचा दोष बल्बचा नाही, वायरचा आहे. बॅटरीजवळून फ्यूज घालून २.५ चौरस मिमीची वायर आणा, लो आणि हायसाठी वेगळा रिले आणि बॉडीला घासून स्वच्छ केलेल्या जागी अर्थ द्या. मग साधे ६०/५५ वॅटचे बल्बच लख्ख पेटतात. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी टाकला की प्रकाश फाकतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुम्हाला रस्ता कमीच दिसतो. याच वेळी गिअरबॉक्सपासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं घासा. क्रँक करताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनापर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर स्टार्टर सुस्त होण्याचं कारण तेच.

एमपीएफआय इंजिन आणि पाच गिअर या दोन्हींना माझा स्पष्ट नकार आहे. एमपीएफआय म्हणजे नुसतं इंजिन नाही. टाकीतला पंप, दाबाची पाइपलाइन, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, सेन्सर, सगळं त्याच्यासोबत येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलात असा बदल मनाने करता येत नाही, आणि इंजिन नंबर जुळला नाही तर पुढचं नूतनीकरण आणि अपघाताचा विमा दोन्ही अडकतात. पाचव्या गिअरने हायवेवर आवाज थोडा कमी होईल, चढावर काहीच मिळणार नाही. त्या पैशात लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, चारही शॉकअप आणि इंजिन माउंटिंग होतात, आणि गाडी चालवताना फरक त्याचाच जाणवतो. गिअर ऑइल बदलायला विसरू नका, ८०डब्ल्यू-९० जीएल-४, पातळीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका. दोन जॅक स्टँड, आणि चाकांना दगड नाही तर लाकडी पाचर. पेट्रोलचं काम उघड्यावर, बॅटरीचा निगेटिव्ह काढून, शेजारी अग्निशामक ठेवून.

साठ हजारांत हे बसेल का, ते पत्रा आणि आरटीओ यांवर ठरेल. दोन्ही ठीक असतील आणि मजुरी तुमची असेल तर ब्रेक, टायर, बेल्ट, नळ्या, रेडिएटर यांना आधी पैसे ठेवा, सस्पेन्शन उरलेल्यात. पहिल्या रविवारी फक्त पत्रा तपासा आणि इंजिन हाताने फिरवून बघा. कंप्रेशनचे तीन आकडे, क्रँक करताना बॅटरीवरचे व्होल्ट आणि डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाचा आतून काढलेला फोटो इथे टाका, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.